गाडी बंद पडली, म्हणून पुढे गेली

मुलांना कारचा इतिहास सांगताना बहुतेक जण नावं आणि सालं सांगतात. ती परीक्षेपुरती लक्षात राहतात. भानगडी मात्र कायम लक्षात राहतात: कुठे काय तुटलं, काय तापलं, कोणाचा हात मोडला आणि त्यावर काय तोडगा निघाला. म्हणून इथे गाड्या मोजक्याच घेतल्या आहेत, पण त्या कुठे अडल्या ते नीट सांगितलं आहे.

पहिली अडचण वाफेची. फ्रान्समध्ये निकोला-जोसेफ क्युन्यो याने १७६९च्या सुमारास तोफा ओढण्यासाठी तीनचाकी गाडी बनवली. वेग ताशी सुमारे ४ किलोमीटर, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाएवढाच. पाण्याचा जड बॉयलर पुढच्या एकुलत्या चाकावर टांगलेला, त्यामुळे ती वळवताना दम निघायचा. शिवाय थोडं अंतर गेलं की वाफ संपायची आणि पुन्हा दाब तयार होईपर्यंत थांबावं लागायचं.

पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचं पेटंट कार्ल बेंझ यांनी जर्मनीतल्या मानहाइममध्ये २९ जानेवारी १८८६ रोजी दाखल केलं. तीन चाकं, एक सिलिंडर, ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती. (आजची साधी स्कूटरही याच्या कितीतरी पट ताकदीची असते.) गाडी चालत होती, पण लोकांचा तिच्यावर भरवसा नव्हता. मग ऑगस्ट १८८८मध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता सुधारित गाडी घेऊन निघाल्या. बरोबर १५ वर्षांचा ओयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. मानहाइम ते फोर्झहाइम, सुमारे १०५ किलोमीटर, बर्थाच्या माहेरी.

त्या दिवशी काय काय बिघडलं ते पाहा. इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी टोपीला लावायची लांब पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं, तेव्हा मोजा बांधायची पट्टी तारेभोवती गुंडाळली. साखळीला लोहार गाठावा लागला. इंजिन थंड ठेवायला पाणी होतं, पण ते वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत मिळेल तिथे पाणी भरत जायचं. पेट्रोल पंप तर कुठेच नव्हते. वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानात लिग्रोइन नावाचं डाग काढायचं द्रव्य मिळायचं, तेच त्यांनी इंधन म्हणून घेतलं.

दोन अडचणी मात्र जुगाडाने सुटणाऱ्या नव्हत्या. चढावर मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली, कारण जोर लावायला पुरेसा खालचा गिअरच नव्हता. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज ज्याला ब्रेक लायनिंग म्हणतात, त्याची ही सुरुवात. घरी परतल्यावर बर्थाबाईंनी चढासाठी आणखी एक गिअर हवा असं सुचवलं. माझ्या मते कारच्या इतिहासातली सगळ्यात उपयोगी सहल हीच.

आता १ ऑक्टोबर १९०८ला आलेली फोर्डची मॉडेल टी. ती सुरू कशी करायची? आधी हँडब्रेक मागे ओढायचा. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूची छोटी दांडी वर सरकवायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. उजवी दांडी थोडी खाली, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जरा जास्त मिळतं. मग गाडीसमोर जायचं, रेडिएटरजवळची चोकची तार ओढायची आणि इंजिन फिरवायचं हँडल दोन-तीनदा वर खेचायचं. मग स्विच चालू करून, डाव्या हाताने, एक जोरदार झटका, तोही खालून वरच.

यात अंगठ्याला फार महत्त्व. तो हँडलभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. ठिणगी लवकर पडली तर पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल झटक्याने मागे येतं. मूठ घट्ट आवळलेली असेल, तर अंगठा किंवा मनगट गेलंच. थंडीत आणखी एक गंमत: गिअरमधलं तेल घट्ट व्हायचं, क्लच नीट सुटायचा नाही आणि गाडी सुरू होताच समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच अंगावर सरकायची. म्हणून जाणकार लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवत.

चालवणंही वेगळंच. पेडल तीन, पण ॲक्सिलरेटर एकही नाही. डावं पेडल गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. वेग हाताने कमी-जास्त करायचा. इंधन ढकलायला पंप नव्हता, सीटखालच्या टाकीतून ते आपोआप खाली उतरायचं. टाकी अर्धी रिकामी असताना उभा चढ लागला, की इंजिन टाकीपेक्षा वर जायचं आणि इंधन पोचायचं नाही. मग गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचा!

इतके त्रास असूनही ती दीड कोटींच्या वर विकली गेली. १९१३मध्ये फोर्डने कारखान्यात सरकती जोडणी सुरू केली: कामगार जागेवर, गाडी त्याच्यापुढून सरकत जाणार. एका गाडीच्या जोडणीला साडेबारा तास लागायचे, ते ९३ मिनिटांवर आले. किंमत उतरत गेली.

हँडलची पीडा अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी घालवली. इंजिन फिरवायला मोठी मोटर लागेल असं सगळे धरून चालले होते. त्यांनी ओळखलं की मोटर काही क्षणच चालायची आहे, तेव्हा लहान मोटरीला थोडा वेळ भरपूर वीज दिली तरी भागतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला.

शेवटचा तोडगा अपघातांवरचा. तो म्हणजे सीटबेल्ट. आधीचा पट्टा फक्त पोटावरून जायचा. धडकेत वरचं अंग पुढे फेकलं जायचं आणि पोटाला इजा व्हायची. १९५९मध्ये व्हॉल्वोच्या निल्स बोलिन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन जागी अडकणारा पट्टा आणला. तो एका हाताने लावता येतो, आणि कंपनीने पेटंट इतरांना वापरू दिलं. धडकेचा जोर छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर यावा असं त्याचं गणित आहे. ते मोठ्यांच्या उंचीवर बसवलेलं आहे. लहान मुलाच्या बाबतीत वरचा भाग मानेवर आणि खालचा पोटावर येतो, म्हणून त्याला उंच बसवणारी बूस्टर सीट लागते. देशागणिक नियम बदलतात, पण साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत ती वापरतात. पट्टा खांद्याच्या मधोमध आणि खाली मांड्यांच्या वरच्या टोकाला चिकटून बसला पाहिजे. गळ्याला घासतो म्हणून तो काखेखालून घेऊ नका. तसा घेतला तर धडकेत तो बरगड्यांवर दाबतो आणि वरचं अंग अडवत नाही.