एक पुस्तक, अकरा जण

आमच्या पेठेतल्या वाचनालयात 'बेघर'ची एकच प्रत आहे. शांता निसळ यांची कादंबरी, जिच्यावरून जब्बार पटेलांनी १९८२ साली 'उंबरठा' केला, तीच. पुठ्ठा पुन्हा बांधलेला, पानं पिवळी, मागे तारखांचे शिक्के. आणि कादंबरी व तिच्यावरचा सिनेमा दोन्हींवर बोलणाऱ्या आमच्या चर्चागटात आम्ही अकरा जण. महिनाभरात सगळ्यांनी वाचायची कशी?

तर ग्रंथपाल मॅडमनी वहीत तक्ता आखला, प्रत्येकाला दोन दिवस, आणि ज्याचं वाचून होईल त्याने पुढच्याला नेऊन द्यायचं, वाचनालयात परत यायची वाट बघायची नाही. एरवी आपण काय करतो, पुस्तक बदलायला जातो, काउंटरवर ठेवतो, दुसरं घेतो, निघतो. ते आपल्या आधी कोणी वाचलं, नंतर कोण नेणार, काही पत्ता नसतो. इथे मात्र ते सदाशिव पेठेतून कोथरूडला गेलं, तिथून बिबवेवाडीला, मग सहकारनगर. माझ्यानंतर धनकवडीचे एक काका होते, दीड वर्ष शेजारच्या खुर्चीवर बसत होते पण त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहिलं, पीएमपीच्या बसने गेले, चहा झाला, आणि कळलं की ते रोज रात्री जेवण झाल्यावर बायकोला मोठ्याने वाचून दाखवतात कारण त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे अकरा नाही, बारा वाचक होते आमचे!

पेन्सिलने खुणा करायच्या नाहीत हा नियम आहे, मॅडम त्याबाबतीत कडक आहेत आणि बरोबरच आहे. म्हणून जो तो आवडलेल्या, अडलेल्या पानात चिठ्ठी ठेवायला लागला. कुणी बसचं तिकीट, कुणी कॅलेंडरचा तुकडा, एकाने औषधाच्या दुकानातलं बिल. माझ्याकडे आलं तेव्हा आठ चिठ्ठ्या होत्या आणि एका पानात दोन होत्या, एकावर एक. त्या पानावर मी किती वेळ थांबले सांगते, की इथे दोघांना काय दिसलं असेल, मला का दिसत नाहीये.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. सुरुवातीचे चार-पाच महिने फार अवघड गेले. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला वरच्या हॉलमध्ये जमायचो आणि एकच कुणीतरी पाऊण तास बोलायचं, बाकीचे माना डोलवायचे. 'पुस्तक चांगलं की सिनेमा?' यावर तर दोन वेळा आवाज चढले. मग मॅडमनीच नियम काढला की तोंड उघडायच्या आधी पान उघडायचं. पान नंबर सांगा, चार ओळी वाचा, मग बोला. सिनेमा असेल तर प्रसंग सांगा, त्यात कॅमेरा कुठे होता, कोण गप्प होतं ते सांगा. जी माणसं तोवर तोंड उघडत नव्हती ती यामुळे बोलायला लागली, कारण मत द्यायला धीर लागतो, पान दाखवायला तेवढा लागत नाही.

सिनेमा आम्ही हॉलमध्ये लावत नाही, त्यासाठी हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते. आपापल्या घरी बघून यायचं. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये काही मराठी असलं की चार-पाच जण मिळून जातो. आपल्या गावात १९६४ पासून ते संग्रहालय आहे आणि पुण्यात जन्म गेलेली कितीतरी माणसं तिथे एकदाही गेलेली नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर 'उंबरठा'चा शनिवार. विजय तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटीलची सुलभा महाजन. लहान मुलीला जावेजवळ ठेवून परगावी महिलाश्रमाची नोकरी धरते, आणि परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं. शेवटी ती ट्रेनमध्ये आहे. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने हाच प्रसंग सांगितला, म्हणाली मला कळतच नाही की ती हरली का सुटली.

थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग एक काकू, ज्या आधी फक्त दिवाळी अंक न्यायला यायच्या, त्या म्हणाल्या, मी हा टॉकीजला पाहिलाय, ह्यांच्याबरोबर. त्याच वर्षी मला सोलापूरला बढतीवर बदली आली होती, मुलगा तीन वर्षांचा, मी नकार कळवून टाकला होता. सिनेमा सुटल्यावर घरापर्यंत आम्ही चालत आलो आणि दोघंही एक शब्द बोललो नाही.

त्या मुलीने विचारलं, काकू, राग आला होता का तुम्हाला?

"राग नाही गं. हेवा वाटला होता तिचा. तो सांगायचा कुणाला?"

आणि मग त्यांनी पुस्तक जवळ ओढून एक पान काढलं. तेच, दोन चिठ्ठ्यांचं. त्यातलं बसचं तिकीट त्यांचं होतं.

मला हे घरी एकटीने वाचून कधीच मिळालं नसतं, आणि ओळखीच्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्येसुद्धा नाही, कारण तिथे आम्ही सगळ्या एकाच वयाच्या, एकाच तऱ्हेच्या घरातल्या. वाचनालयाची वर्गणी भरणारा कोणीही येऊन बसू शकतो, ओळख लागत नाही. १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, आणि त्याच वर्षी जोतिबा-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. दोन्ही बुधवार पेठेत, हाकेच्या अंतरावर! पहिल्या लायब्ररीत त्या मुलींना कोणी आत घेतलं असतं का हा प्रश्न मला हल्ली फार छळतो. आज आमच्या अकरा जणांत सात बायका आहेत.

त्या शनिवारनंतर मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्या काढून एका पाकिटात घातल्या, पाकिटावर पुस्तकाचा दाखल क्रमांक टाकला आणि कपाटात ठेवून दिलं. तिकीट मात्र काकू घेऊन गेल्या.

आता 'जैत रे जैत' घेतलंय. आधी गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची कादंबरी, मग १९७७ चा सिनेमा. दोन प्रती आहेत, त्यामुळे या वेळी प्रत्येकाला चार दिवस. माझी पाळी बारा तारखेला, सोळाला वारज्याला नेऊन द्यायचंय.