तांबड्या रश्शाआधी बोर्दो

दाजींनी दिलेली २००५ ची बोर्दो, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाईन, परवा एकदाची फोडली. जुन्या रेड वाईनच्या तळाला गाळ बसतो म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवलेली, तरी कॉर्क निम्म्यात तुटलाच, मग चहाची गाळणी आली कामाला. मोबाईलचा टॉर्च बाटलीच्या मानेमागं धरून हळूहळू जगमध्ये ओतली, गाळ मानेशी आला की थांबायचं. रंग कडेला विटकरी, तुरटपणा मऊ झालेला, आणि वास? चामड्याचा, डिट्टो कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानात शिरल्यागत!

रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी म्हणतात ते तिकडच्या थंड घरांचं ओ, कोल्हापूरच्या एप्रिलात आधी अर्धा तास फ्रीज, १६-१८ डिग्री बास. तांबडा रस्सा मात्र नंतरच, तिखटापुढं असली नाजूक वाईन मरते. दाजी तरी रस्सा भुरकतच प्याले.