आधी लाईन, मग रॉड

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, रॉड घ्यायचाय. बास फिशिंगचे व्हिडिओ बघून एक सेट ठरवलाय. मागवू का?" मी विचारलं, "लाईन कोणती लावणार?" तो म्हणाला, "ती येते की त्याच्यासोबतच." म्हटलं, थांब, दोन दिवस दे, सगळं लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर ते इतकं वाढलं की इथंच टाकतोय.

सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. आजोबा हातमागावर बसायचे, नानांनी पॉवरलूम घातले, आणि मी चालायला लागल्यापासून कांड्या आणि बॉबिनमध्येच वाढलो. गळ हातात आला तो पस्तिशी ओलांडल्यावर. म्हणून असेल, दुकानात गेलो की माझी नजर रॉडवर जात नाही, आधी लाईनच्या रिळावर जाते. मासा लागला की त्याच्या आणि आपल्यामध्ये तेवढा धागाच असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्या बाससाठी हे सामान बनतं तो लार्जमाउथ बास अमेरिकेतला. आपल्या उजनीत तो नाही. पण तो जसा गवतात, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी दबा धरून बसतो आणि समोरून काही गेलं की झडप घालतो, तशीच आपली मरळ. आई तिला कोर्रमीनू म्हणते. तेलंगणानं तर तिला राज्याचा मासा केलंय. म्हणून बासचं सामान मरळीला चालतं. फरक दोन. मरळीचे दात धारदार असतात आणि जबडा हाडाचा, टणक. दुसरं म्हणजे ती हवेतून श्वास घेते. तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं, आणि जलपर्णीच्या कडेला पाणी हलून बुडबुडा फुटला की ती कुठं आहे ते कळतं. बासवाल्याला ही सोय नाही.

माझा पहिला सेट असाच व्हिडिओ बघून मागवलेला. घडीचा टेलिस्कोपिक रॉड, त्यावर चकचकीत रील, आणि रीळभर निळी नायलॉनची लाईन आधीच गुंडाळलेली. उजनीच्या बॅकवॉटरला, पाणी उतरल्यावर वेड्या बाभळीचे वाळके फांदोरे वर येतात तिथं, तिसऱ्या-चौथ्या फेकीत मरळ लागली. मी रॉड मागं खेचला. रॉड वाकला, लाईन ताणली गेली, अजून ताणली गेली, आणि तिकडं गळाला काही पोचलंच नाही. तेवढ्या वेळात ती फांद्यांत शिरली. लाईन ओढून काढली तर शेवटचा हातभर भाग खरवडून पांढरा पडला होता. मासा गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं की ती तोंडात गळ घेऊन गेली असेल का, हे मला कळायला मार्ग नव्हता.

त्या रात्री कारखान्यात दिव्याखाली ती लाईन धरून बसलो. नायलॉन म्हणजे एकच अखंड तार, मोनो. ताणली की पाव-पट लांब होते. पाणी पिते, उन्हानं कडक होते. ब्रेडेड लाईन म्हणजे पॉलिथिनच्या अतिशय बारीक तंतूंचे चार किंवा आठ पदर एकमेकांत गुंफलेले. ती जवळजवळ ताणतच नाही आणि पाण्यावर तरंगते. तिसरी फ्लुरोकार्बन. तिचं वजन पाण्याहून बरंच जास्त, त्यामुळं ती बुडते, आणि नितळ पाण्यात मोनोपेक्षा कमी दिसते.

ब्रेडेडच्या डबीवर पीई 1, पीई 2, पीई 3 असं लिहिलेलं असतं. पीई म्हणजे पॉलिथिन. बऱ्याच जणांना हा आकडा म्हणजे कोडं वाटतं. आम्हा मागवाल्यांना तो पाहिल्या पाहिल्या ओळखीचा वाटायला हवा, कारण तो सरळ डेनियर आहे. 9,000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. पीई 1 म्हणजे 200 डेनियर, पीई 2 म्हणजे 400, पीई 3 म्हणजे 600. सुताच्या काउंटच्या उलटं: काउंट वाढला की धागा बारीक, डेनियर वाढला की जाड. आमच्या टॉवेलच्या लूपला 2/20 सूत लागतं, म्हणजे 20 काउंटचे दोन पदर. त्याचा हिशेब केला तर साधारण 530 डेनियर भरतो, म्हणजे पीई 2 आणि पीई 3 च्या मधोमध. ते 2/20 सूत मी दोन बोटांत धरून तोडतो. तेवढ्याच वजनाची ब्रेडेड लाईन हाताला गुंडाळून ओढली तर हात कापतो आणि लाईन तशीच राहते. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मी बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन नुसता बघत होतो.

हा हिशेब कामाला येतो तो असा. एकदा स्वस्तात 'पीई 3, आठ पदरी' लिहिलेलं रीळ घेतलं. हाताला जाड लागलं. कारखान्यात काउंट काढायचा काटा आहेच, 100 मीटर मोजून त्यावर ठेवलं. 600 डेनियरचे 100 मीटर पावणेसात ग्रॅमच्या आत भरायला हवेत. भरले दहा. रंगाचा आणि कोटिंगचा भार सोडला तरी ती पीई 4 च्या पुढचीच. जाड लाईन वाईट असं नाही, पण ती वाऱ्यात फुगते, लुअर (खोटं आमिष) लांब जात नाही आणि रिळावर कमी मावते. भिंगातून पाहिलं तर आठ पदर कुठले, चारच होते आणि पिळाला मोकळे. तेव्हापासून नवीन लाईन आली की आधी काट्यावर.

मरळीला जलपर्णीत आणि पाणकणसात पीई 3 किंवा 4. मोकळ्या काठाला, दगडांवर, पीई 1.5 ते 2 पुरते आणि तिच्यापुढं हात-दीड हात फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे लाईन आणि लुअरमधला जोडतुकडा, कारण ब्रेडेड लाईन दगडावर घासली की तंतू तुटून ती पिंजते. गवतात रबरी बेडूक टाकायचा तर लीडर नको, ब्रेडेड थेट बेडकाला. गाठ पालोमार. दुहेरी लाईन डोळ्यातून काढायची, सैल गाठ मारायची, त्या फाश्यातून अख्खं लुअर घालायचं, थुंकी लावून हळूहळू आवळायची. मागावर तुटलेला धागा सांधणाऱ्याला ही गाठ दहा मिनिटांत बसते.

आणि रिळावर ब्रेडेड थेट गुंडाळायची नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा गुंडाळली तेव्हा मासा लागला की ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाईन सुटू देणारा रीलचा ब्रेक) कितीही आवळला तरी लाईन सुटत जायची. मला वाटलं रील खराब आहे. दुकानदाराशी वाद घालायला निघालो होतो. मग स्पूल (ज्यावर लाईन गुंडाळतात ते चाक) हातात धरून लाईन ओढली तर स्पूल जागेवर आणि लाईनचा अख्खा गठ्ठा त्याच्यावर गोल फिरतोय. गुळगुळीत धागा, गुळगुळीत धातू, धरणार कुठं? आता तळाला आठ-दहा मीटर मोनो, मग ब्रेडेड. तीही ओल्या फडक्यातून, ताण देऊन भरायची. सैल भरली तर वरचे वेढे खालच्यात रुततात. सैल भरलेली कांडी मागावर काय करते ते आठवलं की झालं.

लाईन ठरली की रॉड जवळजवळ आपोआप ठरतो. रॉडवर हँडलच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: लाईन 10–20 पौंड (म्हणजे ती किती ओढीला तुटते), लुअर 7–21 ग्रॅम. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पॉवर म्हणजे रॉड वाकायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा फक्त शेंडा वाकतो, त्यामुळं हिसका लगेच गळापर्यंत पोचतो. मरळीच्या हाडाच्या जबड्यात गळ रुतवायला हेच हवं. मी साडेसहा फुटी, मीडियम हेवी, फास्ट वापरतो. उलट तीन तोंडी गळाचं क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक लुअर) ओढायचं असेल तर अर्ध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट रॉड बरा, नाहीतर ते बारीक गळ तोंडातून निसटतात. घडीच्या रॉडच्या नादी लागू नये. बाईकवर न्यायची अडचण असेल तर दोन तुकड्यांचा घ्यावा.

रीलवर फार वेळ घालवत नाही. 3000 नंबरचं स्पिनिंग रील घ्यावं. बॉल बेअरिंग किती हे विचारू नये, ड्रॅग न अडखळता सुटतो का ते हातानं ओढून बघावं. बेटकास्टर (आडव्या स्पूलचं रील) जोराला चांगलं, पण सुरुवातीला दर चौथ्या फेकीला लाईनचा गुंता होतो आणि अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. मी अजूनही गवतासाठीच ते रील काढतो.

आता लुअर. खोकंभर घेऊ नयेत. पोकळ रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असतात, तो जलपर्णीवरून घसरत जातो आणि अडकत नाही. मरळीनं तोंडात दाबला की रबर बसतं आणि गळ उघडे पडतात. दोन घ्यावेत, एक काळा आणि एक पिवळसर हिरवा. बासचे बेडूक घेताना गळाची तार बघावी. बारीक असेल तर मरळ तो सरळ करून जाते, माझा एक झालाय. घरी आल्यावर बेडकाच्या पोटातलं पाणी दाबून काढायचं, नाहीतर पुढच्या वेळी तो बुडतो आणि गळ गंजतात.

दुसरं स्पिनरबेट, पाणी गढूळ असताना. पाती फिरली की पाण्यात कंप जातो आणि माशाला ते दिसण्याआधी जाणवतं. तिसरं मऊ प्लास्टिकचं गांडूळ, टेक्सास रिगवर, म्हणजे गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवलेलं. अमेरिकेत निक क्रीम नावाच्या माणसानं 1949 मध्ये घरीच साच्यात असं गांडूळ ओतलं होतं. त्याच्या आधी, 1936 मध्ये, फिनलंडच्या लौरी रापालानं बुचाच्या लाकडाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. ही माणसं कारागीर होती, म्हणून मला जवळची वाटतात.

बेडूक पडल्यावर लगेच ओढायचा नाही. पाण्यावरचे तरंग विरू द्यायचे. मग दोन हिसके, थांबा, पुन्हा दोन. हल्ला झाला की मनात एक-दोन मोजायचं आणि मगच खेचायचं. मी हे शिकायला अख्खा एक उन्हाळा घालवला, कारण पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप मागं जातो.

तलावाचा मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते आधी विचारायचं आणि परवानगी घेऊनच गळ टाकायचा. हिप्परग्याच्या तलावाला पहिल्यांदा गेलो तेव्हा जाळी आवरत बसलेल्या काकांपाशी जाऊन बसलो. त्यांनी चहा दिला आणि पाण्यातला एक लालसर डाग दाखवला. फुटभर रुंदीचा, हलता. मरळीची पिल्लं. खाली नर-मादी दोघंही राखण करत असतात, वरून काहीही गेलं की अंगावर येतात, आणि म्हणून त्या दिवसांत ती पकडायला सर्वांत सोपी. "ती भुकेनं येत नाही," काका म्हणाले, "तिला धरलं तर ही सगळी तासाभरात संपतील."

तेव्हापासून पावसाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, मी गळ टाकत नाही. त्या महिन्यांत लाईन उलटी करतो. वापरून पिंजलेलं टोक तळाला जातं आणि आतलं न वापरलेलं टोक वर येतं. एकाच लाईनवर दोन वर्षं निघतात. पुण्याहून सुट्टीला आलास की तुझा रॉड घेऊन ये, बाळा. रीळ रिकामंच आण. लाईन इथं काट्यावर मोजून भरू.