मार्शल हरला, तरी मी मार्शलच का खेळतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बुद्धिबळात काळ्या बाजूने मी मार्शल अटॅक खेळतो म्हटलं की हमखास प्रश्न येतो, ‘ज्या डावामुळे हे ओपनिंग, म्हणजे डावाची ही ठरलेली सुरुवात गाजली, तो डाव फ्रँक मार्शल हरलाच होता ना? मग कशाला?’

हरला होता, खरंय. १९१८, न्यूयॉर्कची स्पर्धा, समोर पुढे जगज्जेता झालेला कापाब्लांका. रुय लोपेझ नावाच्या ओपनिंगमध्ये आठव्या चालीला मार्शलने प्यादं डी५वर (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या ओळीचा) ढकललं आणि ई५चं प्यादं वाऱ्यावर सोडलं. १९०९च्या सामन्यात कापाब्लांकाकडून सडकून हरल्यापासून त्याने ही चाल दडवून ठेवली होती म्हणतात. गोष्ट झकास आहे, पण मी तिच्यावर पैज लावणार नाही. कापाब्लांकाला मात्र समोरचा तयारीने आलाय याचा वास आला होता, आणि तरीही त्याने प्यादं घेतलं.

ते घेतल्यानंतरचा पट मांडून बघा. अकरावी चाल खेळून पांढऱ्याचा एक हत्ती ई५वर आलाय, पण वजिराच्या बाजूचे हत्ती, घोडा, उंट तिघेही जागचे हललेले नाहीत. उलट काळ्याचे दोन्ही उंट आणि वजीर बघता बघता राजावर रोखता येतात. एका प्याद्यात एवढं मिळत असेल तर मी खुशाल देतो.

मार्शलने इथे डी५वरचा घोडा एफ६वर आणला, मग जी४वर, मग एफ२वर दिला झोकून. कापाब्लांकाचा राजा ई२, डी३ करत चक्क पटाच्या मधून चालत सी२वर जाऊन बसला! पंचविसाव्या चालीला काळ्याचा वजीर जी१वर, उंट एफ२वर, दोघे एकमेकांच्या पायात. तिकडे बी-पट्टीतलं पांढरं प्यादं सातव्या ओळीत पोचलं, आणि कापाब्लांकाच्या छत्तिसाव्या चालीवर मार्शलने डाव सोडला.

म्हणजे कमी पडली ती घोड्याची चाल. प्याद्याचा बळी नव्हे. पुढे घोडा डी५वरच ठेवून सी६ने त्याला आधार द्यायची पद्धत रूढ झाली. मग उंट डी६, वजीर एच४. पांढऱ्याने प्यादं जी३वर आणून हाकललं की वजीर एच३वर ठाण मांडतो. राजाभोवतीची पांढरी घरं उघडी पडलेली, आणि ती राखणारा उंट लांब बी३वर.

१९९३च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात शॉर्टविरुद्ध कास्पारोव्हने आठव्या चालीला ए४ (म्हणजे प्यादं ए४वर) खेळून हे सगळं टाळलंच. माझी खरी तक्रार तीच आहे. मी हौसेने तयारी करून बसतो, समोरचा ए४ नाहीतर एच३ खेळतो, आणि मग मुकाट उंट बी७वर नेऊन संथ डाव ओढत बसावं लागतं.