हाथोरचे कान

इजिप्तमधल्या लक्सरचे पहिले दोन दिवस कर्नाकच्या देवळात आणि नाइलच्या काठाने गेले, छानच गेले. लिहायचंय ते देर अल-बहरीतल्या वीस मिनिटांबद्दल.

तिथल्या हत्शेप्सुत राणीच्या देवळाला गाइडने पाऊण तास दिला. 'फार चढ नाही' असं बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं, आणि समोर हे लांबलचक दोन चढ! आई खालीच सावलीत बसली. मला त्याचा अजून राग आहे.

वर सगळे पुंत या दूरदेशाच्या सफरीची चित्रं बघत होते. तिथून पुढे, गच्चीच्या दक्षिण टोकाला हाथोर देवीचं देऊळ आहे. तिकडे मी एकटीच गेले. खांबांवर देवीचं तोंड बाईचं, कान मात्र गाईचे. भिंतीवर ती गाय होऊन हत्शेप्सुतचा हात चाटते.

त्या कानांसाठीच मला इथे यायचं होतं. लंडनच्या एका संग्रहालयात इथूनच नेलेला फायन्सचा कान बघितला होता. मोरचुदासारखा निळा, पाळीजवळ झिलई थोडी उडालेली आणि आतून पांढरट भुगा दिसत होता. फायन्स म्हणजे चिनीमाती नव्हे. गारगोटीची पूड, थोडा चुना, खार आणि रंगाला तांबं. ओला गोळा सुकताना भिंतीला लोणा फुटतो तसा खार वर येतो आणि भट्टीत त्याचीच काच होते. वरून वेगळी झिलई चढवावी लागत नाही.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं इथे असे कान, डोळे, गाई, मणी वाहायची. कान अशासाठी की देवीने ऐकावं. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वस्तूंची गर्दी झाली की पुजारी त्या काढून बाहेर टाकत. १९०३ ते १९०७ च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ नाव्हील यांना त्यांचे ढीगच्या ढीग सापडले आणि ते देशोदेशींच्या संग्रहालयांत वाटले गेले. देवळात आज त्यातलं काही नाही. गाइडने राणीबद्दल पुष्कळ सांगितलं, या माणसांबद्दल चकार शब्द नाही. मला तर राणीपेक्षा तीच जवळची वाटतात.

खालून हाका सुरू झाल्या. निघताना एका खांबाजवळ थांबले, गाईच्या कानाकडे बघत आईच्या गुडघ्यांचं मराठीतच सांगितलं, आणि उतरले.