आमची वाटचाल : सुटकेसमध्ये मावणारा कारखाना

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही काम सुरू केले, तेव्हा आमची सगळी गुंतवणूक एका सुटकेसमध्ये मावत होती. तीत एक वापरलेला लेसर इंटरफेरोमीटर, म्हणजे लेसर किरणाने सूक्ष्म अंतर मोजणारे उपकरण, आणि त्याचे आरसे होते. कर्जासाठी पाहणीला आलेले बँकेचे साहेब गाळाभर नजर फिरवून "मशीन कुठे बसवले आहे?" असे विचारत राहिले, सुटकेस उघडून दाखवल्यावरही त्यांचे समाधान झाले नसावे, कारण कर्ज मंजूर व्हायला पुढे बरेच महिने लागले.

आमचे काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या) मशीनचा अक्ष, म्हणजे एका दिशेत सरकणारा भाग, सांगितलेल्या जागी नेमका जातो की नाही, हे तपासणे. हीलियम-निऑन लेसरच्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ६३३ नॅनोमीटर असते. या किरणाचे दोन भाग करून एक स्थिर आरशावरून आणि दुसरा मशीनच्या सरकत्या भागावरील आरशावरून परत आणला, की ते एकत्र येताना उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, आणि मशीन अर्ध्या तरंगलांबीएवढे, म्हणजे साधारण ०.३२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सरकले की एक पट्टा पुढे जातो. पट्टे मोजायचे, मशीनच्या पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहायचे आणि येणारा फरक पिच एरर कॉम्पेन्सेशन म्हणून, म्हणजे चुकीची भरपाई म्हणून, कंट्रोलरमध्ये भरायचा. कागदावर हे इतके सोपे दिसते.

पहिल्याच वर्षी आम्ही ८०० मिलिमीटर अक्षाचे एक मशीन 'दुरुस्त' करून दिले आणि आठवड्याभरात त्या शेठचा फोन आला, की भोके पूर्वीपेक्षा जास्त चुकत आहेत. सीएमएमवर (भागांची मापे तपासणाऱ्या मशीनवर) तपासल्यावर दोन टोकांच्या भोकांमध्ये ३५ मायक्रॉनच्या आसपास चूक निघाली. लेसरमध्ये दोष नव्हता. मोजमाप २० अंश सेल्सिअसला आणून सांगायचे असते. म्हणून मशीनचे तापमान घेणारा चुंबकी सेन्सर लावावा लागतो, आणि तो मी घाईत हायड्रॉलिक टाकीजवळच्या ओतीव भागावर चिकटवला होता. ती जागा बॉलस्क्रूपेक्षा, म्हणजे अक्ष सरकवणाऱ्या पोलादी स्क्रूपेक्षा, चार अंशांनी गरम होती. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते, हे मला पाठ होते. पण पाठ असलेली गोष्ट हाताला ठाऊक नव्हती. सगळे काम आम्ही विनामूल्य पुन्हा केले.

त्यानंतर हवेकडेही तितक्याच गंभीरपणे पाहू लागलो. हवेतील प्रकाशाची तरंगलांबी तापमान, दाब आणि आर्द्रतेनुसार बदलते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. मुंबईतले काम आटोपून कोणी दाबाचा १०१३ हा तिथला आकडा तसाच ठेवून येथे मोजू लागला, तर दर मीटरला सुमारे १७ मायक्रॉनची चूक होते. त्यामानाने किरण तिरपा लागण्याची चूक क्षुल्लक असते : मीटरभर अंतरात एक मिलिमीटर सरकला, तरी फरक अर्ध्या मायक्रॉनचाच पडतो. नवखी मुले मात्र नेमका त्यातच अर्धा दिवस घालवतात, कारण तो ठिपका डोळ्यांना दिसतो आणि दाब दिसत नाही.

पुढे अंतर मोजणारे सेन्सर बसवण्याची कामेही आली. लेसर ट्रँग्युलेशन सेन्सरचा ठिपका वस्तूवर पडतो आणि त्याचे प्रतिबिंब डिटेक्टरवर किती सरकले, यावरून अंतर कळते. तेल लागलेल्या किंवा आरशासारख्या ग्राइंड केलेल्या पृष्ठभागावर तो सहज फसतो. एका फोर्जिंग शॉपमध्ये (तापलेला धातू ठोकून घडवतात तेथे) लालबुंद तापलेल्या बिलेटवर, म्हणजे धातूच्या ठोकळ्यावर, तांबडा ठिपका त्या झळाळीतच हरवून जाई. तेथे ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेसर लावला आणि डिटेक्टरपुढे त्याच रंगाचा फिल्टर बसवला, तेव्हा कुठे स्थिर आकडे मिळू लागले. ही कामे आम्ही निवडूनच घेतो, कारण विक्रीपेक्षा ब्रॅकेट, धूळ आणि धूर यांच्या निगराणीतच जास्त वेळ जातो.

आज आमच्याकडे तीन संच आहेत, आणि आमचा लेसर व त्याचे हवामान-सेन्सर आम्ही ठराविक काळाने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतो. आमच्या कोटेशनमध्ये एक ओळ कायम असते : मोजणीपूर्वी मशीन नेहमीच्या कामासारखे चालवून गरम करावे. बहुतेक गिऱ्हाइके उत्पादन थांबू नये म्हणून रविवारी सकाळी, मशीन रात्रभर थंड पडलेले असताना बोलावतात आणि मशीन गरम करण्यात जाणाऱ्या दोन तासांचे पैसे कापून मागतात. ती ओळ आम्ही अजून काढलेली नाही.