सुरतवाल्यांचा धागा पणजीच्या माहेराकडे

आत्याचा डीएनए चाचणीचा किट अखेर पास झाला. पहिला स्वॅब लॅबने पुरेसा डीएनए नाही म्हणून बाद केला होता; त्याचं श्रेय मी तपकिरीला देतो. या वेळी काडी फिरवायच्या आधी तासभर तिच्यासमोर ठाण मांडून बसलो. "चहा नही, तपकीर नही, मंग करू काय मी?" हे सतत चालू होतं. पण नमुना गेला, निकाल आला आणि कधीचा अडून बसलेला सुरतवाल्यांचा गुंता हलला.

नव्यांसाठी दोन ओळी. सुरतवाले म्हणजे माझ्या डीएनए जुळण्यांच्या यादीतले सुरतचे ते पाटील, ज्यांच्या घरात अजून अहिराणी बोलतात आणि ज्यांना मूळ गाव ठाऊक नाही. एवढंच ऐकून आहेत की पूर्वज छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, अमळनेरकडून निघाले. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलंच, आडनावही तेच. मग काय, घरच्यांनी त्यांना भाऊबंद ठरवून टाकलं आणि आत्याच्या भावाने, नानांनी, लग्नाची पत्रिकासुद्धा धाडली!

मला ते पटत नव्हतं. खानदेशी माणसाच्या जुळण्यांत दर तिसरा पाटील निघत असेल तर आडनाव हा पुरावा कसला? आता आकडे. सुरतवाल्यांशी आत्याचे २४१ सेंटीमॉर्गन (समान डीएनए मोजायचं एकक), नानांचे १३३, तिच्या दुसऱ्या भावाचे, आबांचे, ११८. कोणत्या नात्यात किती सेंटीमॉर्गन जुळतात त्याच्या, शेअर्ड सीएम प्रोजेक्टच्या तक्त्यात, पणजोबा-पणजी एक असलेल्या भावंडांची सरासरी २२९ आहे आणि पल्ला ४१ ते ५९२. आत्याचा आकडा त्यात चपखल बसतो, म्हणूनच मला तो नको वाटतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आते-मामे लग्नं, सोयरीक त्याच दहा-बारा गावांत. एकाच माणसाशी तीन वाटांनी नातं निघतं आणि तिन्ही वाटांचे सेंटीमॉर्गन एकाच बेरजेत पडतात. आत्याचा सगळ्यात लांब तुकडा जेमतेम ३१, बाकी सगळा चुरा. नुसती बेरीज पाहून नातं सांगणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

तेव्हा एक्स गुणसूत्र; वरच्या बेरजांत ते धरलेलं नाही. आमचे किट ज्या कंपनीचे, तिथे एक्सची जुळणी दाखवतच नाहीत. म्हणून सगळ्यांचा रॉ डेटा उतरवून जीईडीमॅचवर, वेगवेगळ्या कंपन्यांचे किट ताडून पाहता येतात त्या साइटवर, चढवला. २०१० ची साइट, २०१९ मध्ये व्हेरोजेनने घेतली, २०२३ मध्ये व्हेरोजेनलाच कियाजेनने; मालक बदलले, रूपडं तेच ओबडधोबड. पण वन-टू-वनला, म्हणजे दोन किटच्या थेट तुलनेला, तोड नाही. (पोलीस तपासासाठीच्या जुळणीला संमती द्यायची का, ते चढवतानाच विचारतात. आत्याला विचारून 'नाही' निवडलं.)

आत्या आणि सुरतवाले, एक्सवर ५२ सेंटीमॉर्गन, सलग एकच तुकडा! एक्सवर पंधराच्या खालचं मी बघतही नाही, पण ५२ म्हणजे थट्टा नव्हे.

पुरुषाला एक्स फक्त आईकडून मिळतो. म्हणजे सुरतवाल्यांच्या बाजूने हा तुकडा त्यांच्या आईचा. त्यांच्या पाटीलकीचा इथे संबंधच नाही. आत्याला मात्र दोन एक्स: एक आजीकडून, एक आजोबांकडून. आणि आजोबांचा म्हणजे त्यांच्या आईचा, माझ्या पणजीचा. मग आजी की पणजी? इथे मी बराच काळ अडकलो असतो, पण नाना आणि आबा दोघांचे किट आधीच हाताशी होते.

दोघांचा एक्स फक्त आजीकडून आलेला. आजीकडे त्या जागेच्या प्रती दोनच. नाना-आबांचं एक्स वन-टू-वन चालवलं, तर नेमक्या त्या पट्ट्यात दोघं एकमेकांशी जुळतच नाहीत. म्हणजे एकाकडे आजीची एक प्रत, दुसऱ्याकडे दुसरी. आजीच्या दोन्ही प्रती पटावर आल्या! आता दोघांनाही सुरतवाल्यांशी लावून पाहिलं: शून्य, शून्य. आजी बाद. तुकडा आजोबांकडून आला, अर्थात पणजीकडून. मृत आजीची तपासणी दोन मुलांवरून पुरी झाली, या आनंदात मी रात्री आबांना फोन करून उठवलं. "मंग पत्रिका चुकीनी गयी का?" एवढंच त्यांनी विचारलं.

एक सावधगिरी. बाप आपला एक्स मुलीला न तोडता, अख्खाच देतो. त्यामुळे आजोबांच्या टप्प्यावर तुकड्याला कात्री लागलेली नाही आणि समान पूर्वज ५२ वरून वाटतो त्यापेक्षा एखाद-दोन पिढ्या मागे असू शकतो.

पणजीची गंमत अशी की कागदावर ती जवळपास नाहीच. पणजोबा गेल्यावरच्या फेरफारात आजोबा 'अज्ञान' (वयाने लहान), आणि पुढे 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालन कर्ती). दुसऱ्या एका नोंदीत नावापुढे 'भ्र.' (भ्रतार) आणि नवऱ्याचं नाव. बाप कोण, माहेर कुठलं, काही नाही. सातबारा उपसणाऱ्या सगळ्यांचं इथेच घोडं अडतं.

बेत असा होता की बिग वाय-७०० या महागड्या चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून नाना आणि सुरतवाले, दोघांची वाय-३७, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची साधी चाचणी, करावी. पितृवंश एक आहे की नाही याचा सोक्षमोक्ष लागेल आणि नानांची पत्रिका सार्थकी लागेल, न लागेल. पण हे लिहितालिहिता दुसरंच सुचतंय. सुरतवाल्यांची आई आता नाही, पण तिचं माहेर तापीपलीकडे, शिरपूर तालुक्यात. आणि त्यांना मामा दोन आहेत. दोन मामा! नाना-आबांची युक्ती जशीच्या तशी तिकडे लागू पडते. एखादा मामा आत्याशी जुळला तर वाट सुरतवाल्यांच्या आजीकडून, म्हणजे मामांच्या आईकडून. दोघं त्या पट्ट्यात एकमेकांपासून वेगळे निघाले आणि कोणीच आत्याशी जुळलं नाही, तर वाट सुरतवाल्यांच्या आजोबांकडून, म्हणजे मामांच्या वडिलांकडून. दोघांकडे एकच प्रत निघाली आणि तीही जुळली नाही, तर मात्र पैसे पाण्यात. तरी वायपेक्षा हे आधी. वाय फक्त भाऊबंदकी सांगेल. मला पणजीचं माहेर हवंय.

शिवाय गावाचं नाव हाती लागलं की त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जाता येईल. वही काढायची तर ते आधी गाव आणि कुळी विचारतात. पणजीच्या माहेरचं गावच माहीत नव्हतं, म्हणून आजवर जाऊन उपयोग नव्हता. आता निदान एक गाव विचारायला आहे.

मामांशी सुरतवालेच बोलणार आहेत. थोरले तयार आहेत, धाकट्यांना वाटतंय की यातून जमिनीचा हिस्सा मागतील. कापूस घरात आल्यावर बघू म्हणाले. तोवर, ज्यांचं आजोळ शिरपूर-चोपड्याकडे आहे आणि किट जीईडीमॅचवर आहे, त्यांनी मला किट नंबर कळवा. आत्याशी एक्स वन-टू-वन मीच चालवतो.